करारनाम्याची नक्कल

आखातात अठरा वर्षं काढून आमच्या बाबांना अरबीतले एकूण चार शब्द येत होते: यल्ला, खलास, इन्शाल्ला आणि हबीबी. काम सुरू करायचं यल्लाने, संपवायचं खलासने, मधे कुणी काही मागितलं तर इन्शाल्ला, आणि ते न मिळाल्यामुळे तो चिडला तर हबीबी. एवढ्या भांडवलावर माणूस तिथे अख्खा जन्म काढू शकतो, आणि पुष्कळांनी काढलेला आहे. बाकी सगळं हिंदीत भागायचं. बाबा दुबईत रास अल खोरला पाण्याच्या पंपांच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होते. गोदामाचा म्हातारा मालक, ज्याला सगळे अरबाब म्हणायचे, तो तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला येऊन-जाऊन असायचा आणि आमच्या आईपेक्षा बरी हिंदी बोलायचा. आईची हिंदी म्हणजे मराठी वाक्याच्या शेवटी 'है' एवढीच होती, तेव्हा यात अरबाबचं फार कौतुक करायला नको. रोज सकाळी तो गोदामाच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बाबांना विचारायचा, "क्या मोरे, सब बराबर?" बाबा म्हणायचे, "सब बराबर, अरबाब." अठरा वर्षं हे संभाषण झालं आणि त्यात कुणालाही काही कमी वाटलं नाही.

हे मी आत्ता लिहायला घेतलं, कारण मला चाळिशी लागली. डोळ्यांची आणि वयाची, दोन्ही एकाच महिन्यात. आमच्यात चष्मा लागला की माणसाला आत्मकथन सुचतं, नाहीतर गुडघेदुखी. माझा मुलगा अबुधाबीच्या शाळेत जातो, मी मराठीत विचारते आणि तो इंग्रजीत उत्तर देतो. परवा मी हे लिहीत असताना खांद्यावरून डोकावून म्हणाला, "आई, हू विल रीड धिस?" वाचतील रे बाबा, तुझ्याखेरीज सगळे वाचतील.

तर तेव्हा आम्ही शारजात, अल नहदाला राहायचो. सातवा मजला, एक खोली, एक हॉल, आणि बाल्कनी म्हणून बांधणाऱ्याने दयेने सोडलेला एक कठडा, त्यावर आई कोकणातून आलेलं सुकट ऊन दाखवायला ठेवायची आणि दर वेळी वॉचमन वर येऊन तक्रार सांगायचा. खिडकीतला एसी इतका घरघरायचा की घरात कुणाचं बोलणं एकदा म्हणून कुणाला ऐकू आलं नाही. मोठ्याने बोलायची माझी सवय तिथली, आता ऑफिसात लोक दचकतात. खाली रस्त्यावर दुबईकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग, हॉर्न, तीन मशिदींच्या एकामागून एक सुरू होणाऱ्या अजाना, आणि शेजारच्या हमीदाखालांचं पहाटेचं कुराणपठण. हमीदाखाला मूळच्या म्हसळ्याच्या, मुलगा जहाजावर, सून कामावर, म्हणून दिवसभर आमच्याकडे. आई कोलंबीचं कालवण करायची, खाला येताना खाली बेकरीतून गरम खबूस आणायच्या. आई म्हणायची, भाकरीची सर नाही, आणि चार-चार संपवायची.

या सुखात बिब्बा घातला तो अरबाबच्या मुलाने. सैफ त्याचं नाव. परदेशात शिकून आला आणि वडिलांचा धंदा बघायला लागला. सैफला अरबी यायचं, इंग्रजी यायचं, हिंदीचा मात्र एक शब्द येत नव्हता. बाबांचं इंग्रजी 'नो स्टॉक सर, टुमारो कम्स' इथे सुरू होऊन तिथेच संपायचं. पहिल्या आठवड्यात सैफने बाबांना काहीतरी विचारलं. बाबांनी 'येस सर' म्हटलं. सैफने तेच पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा 'येस सर' म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने बाबांकडे पाठ करून नव्या लेबनानी सेल्समनला विचारलं. एवढंच झालं, पण त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. पंपाचा वायसर डोळे मिटून नुसत्या बोटांनी ओळखणारा माणूस हॉलमध्ये एसीखाली बसून राहिला. कारण सरळ होतं. आईचा आणि माझा व्हिसा बाबांच्या व्हिसावर, आणि बाबांचा कंपनीवर. तिकडे बाबांची खुर्ची हलली की इकडे आम्ही तिघं महिन्याभरात सामानासकट चिपळूणला. माझी बारावीची परीक्षा मार्चमध्ये होती. चिपळूणला आमचं काय होतं? काकाने बळकावलेलं घर, आणि काका.

अरबी शिकवणाऱ्या एका इन्स्टिट्यूटमध्ये बाबा फी विचारून आले. "सहाशे दिरहम," म्हणाले, आणि लगेच मोठ्याने, "म्हणजे साडेसात हजार! साडेसात हजारात मराठीसुद्धा नीट शिकेल माणूस." मग एक दिवस लिफ्टमध्ये, हरवलेल्या मांजरीच्या फोटोखाली, कागद लागला: 'अरबी भाषेचे मोफत वर्ग. शिक्षक स्वयंसेवक. शुक्रवारी सकाळी, तळमजल्यावरील हॉल.' बाबा तो कागद वाचायला तीन वेळा वर-खाली जाऊन आले. आई म्हणाली, "फुकट ते पौष्टिक. चला, सगळेच जाऊ." नाव नोंदवण्याच्या फॉर्ममध्ये 'शिकण्याचा उद्देश' असा रकाना होता. बाबांनी लिहिलं, 'नोकरी'. आईने लिहिलं, 'घरी कंटाळा येतो'. हमीदाखाला म्हणाल्या, "लिही गो पोरी, कबरीत फरिश्ते सवाल अरबीत विचारणार. जवाब द्यायला नको?" मी ते तसंच्या तसं लिहिलं. माझ्या स्वतःच्या रकान्यात मी लिहिलं, 'वडिलांना मदत', कारण मी सतरा वर्षांची होते, शाळेत अरबीत पहिली यायचे, आणि माझ्याशिवाय या लोकांचं कसं होणार ही मला खरोखर काळजी होती. शाळेचं अरबी म्हणजे वर्षाला तीस ठरलेली वाक्यं पाठ करायची. 'हे मांजर आहे. मांजर टेबलाखाली आहे.' पण पहिली ती पहिलीच.

हॉल खरं म्हणजे मुलांच्या कराटेचा. रबराच्या गाद्यांना पायांचा वास यायचा, आणि त्या वासात आम्ही पंधरा-सोळा जण वह्या घेऊन बसायचो. पहिले शिक्षक सुदानचे, निवृत्त हेडमास्तर, डोक्याला एवढं मोठं पांढरं पागोटं. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी हजेरी घेतली आणि सांगितलं, नाव घेतलं की 'हाज़िर' म्हणायचं. बाबा उडालेच. "हजर? हे तर आपलंच!" उस्तादांना ते कळलं, आणि मग त्या म्हाताऱ्याला जी मजा यायला लागली! ते एकेक शब्द म्हणायचे आणि बाबा ओरडायचे. तारीख? आपलं! वकील? आपलं! इमारत, सवाल, जवाब, कायदा, फरक, दुकान, साबण? आपलं, आपलं, आपलं! शेवटी उस्ताद म्हणाले, तुम्ही निम्मं अरबी आईच्या पोटातून शिकून आलात, माझ्याकडे कशाला आलात? बाबांनी दुरेघी वही घातली. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला तोच शब्द पुन्हा. महिन्याभरात दोनशे शब्द झाले, आणि माणूस पुन्हा जेवायला लागला. गोदामात सैफ आला की बाबा मान वर करून 'सबाह अल-खैर', म्हणजे शुभ सकाळ, म्हणायचे, आणि सैफ चक्क थांबून उत्तर द्यायचा.

चौथ्या शुक्रवारी उस्ताद जाता जाता म्हणाले, पुढच्या खेपेला तुम्हाला असे शब्द सांगतो जे अरबस्तानातून निघाले एका अर्थाने आणि तुमच्याकडे पोचेपर्यंत वाटेत दुसराच अर्थ घेऊन बसले. त्यांच्यापासून फार जपायचं. पुढच्या शुक्रवारी उस्ताद मुलीच्या लग्नाला सुदानला गेले, आणि राहिले तिकडेच. त्यांना बोल लावायचं कारण नाही. पगार नाही तिथे रजेचा अर्ज कसला? त्यांच्या जागी एक इजिप्तचे इंजिनियर आले. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, आधीचं सगळं विसरा. उस्तादांनी 'मला पाहिजे'ला एक शब्द शिकवला होता, यांचा वेगळाच, शाळेचा तिसरा, आणि रस्त्यावर लोक बोलायचे तो चौथा. एका 'पाहिजे'ला चार शब्द झाले आणि पाहिजे ते मागायची पंचाईत. त्यांनी सगळ्यांना 'नुस्खा, नुस्खा' म्हणत एकेक झेरॉक्स वाटली. आईला वाटलं, कसलातरी घरगुती उपाय आहे. तिने तो कागद घरी नेऊन मसाल्याच्या डब्याखाली, पाककृतींच्या कात्रणांत नीट ठेवला. दोन महिन्यांत इंजिनियरांचीही अबुधाबीला बदली झाली. मग आली मरियम. इथलीच, कॉलेजात शिकणारी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला समाजसेवेचे काही तास भरून द्यायचे होते, आणि आम्ही तिचा समाज होतो. मुलगी गोड होती, पण वर्ग सुरू झाला की दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायची.

त्याच सुमारास माझा व्हिसा संपत आला. नव्याला बाबांच्या नोकरीच्या करारनाम्याची प्रत जोडायला लागायची, आणि करारनामा कंपनीच्या कपाटात. दर वेळी बाबा अरबाबला हिंदीत सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रत मिळायची. पण आता कपाटाच्या किल्ल्या सैफकडे होत्या. बुधवारी जेवताना बाबा म्हणाले, "या खेपेला मी अरबीत मागणार. सुजा, वाक्य लिहून दे."

मी काय सांगू तुम्हाला, मला केवढा आनंद झाला! ताट बाजूला सारून मी पेन घेतलं. 'मला पाहिजे'साठी चारांतला शाळेचा निवडला, कारण तो मला मानाचा वाटला. करारनाम्याला अरबीत 'अक्द' म्हणतात हे मला येत होतं. राहिली प्रत. प्रतीला काय म्हणतात?

"नक्कल," बाबा म्हणाले. "तलाठी कचेरीत काय मागतो आपण? सातबाऱ्याची नक्कल. शिक्का काय मारतात? खरी नक्कल. हा शब्द मुसलमानी अमदानीतलाच असणार."

"नक्ल," हमीदाखाला खबूस मोडत म्हणाल्या. "उर्दूतपण हाच आहे. पक्का अरबी."

मी वहीत तपासलं. दोनशे शब्दांत नक्कल नव्हती. मी म्हटलं, असणारच, वकील आहे, कायदा आहे, तारीख आहे, तर नक्कल कुठे जाते? आणि सुंदर अक्षरात लिहून दिलं: अना उरीद नक्ल अल-अक्द. बाबांनी ते रात्रीपर्यंत म्हणून म्हणून पाठ केलं. मी उच्चार सुधारून घेतले, तो घशातला 'क' तर दहा वेळा. शाळेत पहिली यायचे ना मी.

गुरुवारी संध्याकाळी बाबा आले तेच हसत. "म्हटलं. एका दमात म्हटलं. सैफ बघतच राहिला. मग म्हणाला, 'तय्यब'." तय्यब म्हणजे ठीक आहे, एवढं आम्हा सगळ्यांना येत होतं. आईने गोड म्हणून शेवया केल्या. दोन दिवसांनी शाजीभाईंचा फोन आला. शाजीभाई केरळचे, कंपनीचे सरकारी कागद घेऊन कचेऱ्या फिरणारे, तिकडे त्यांना मंदूब म्हणतात. ते म्हणाले, "मोरेभाई, आपने नक्ल मांगा? साहब बोला, पेपर बनाओ. पक्का ना?"

"एकदम पक्का," बाबा म्हणाले. "जल्दी बनाओ शाजीभाई. बेटी का काम अटका है."

पुढच्या बुधवारी कागद घरी आला. एकच पान, सगळं अरबीत, खाली शिक्का आणि बाबांच्या सहीसाठी जागा. आई म्हणाली, "अहो, करार तर तीन पानी होता ना?" मी म्हटलं, "आई, गोषवारा असेल." सही कशाला? बाबा म्हणाले, "तलाठ्याकडे पण नक्कल मिळाल्याची सही घेतात." एकाहून एक शहाणे आम्ही. तरी खात्री म्हणून कागद हमीदाखालांकडे दिला, कारण मी एकेक अक्षर जुळवत वाचायचे, आणि अख्ख्या मजल्यावर अरबी घडाघडा वाचणारं तेवढं एकच माणूस. खालांनी पदर डोक्यावर घेतला, चष्मा लावला आणि कुरकुरल्या, "जेर-जबर घातलेच नाहीत मेल्यांनी." जेर-जबर म्हणजे कुराणात अक्षरांच्या वर-खाली असतात त्या स्वरांच्या खुणा. मग कुराण वाचतात त्याच सुरात त्यांनी तो कागद वाचला. आवाज काय सुरेख होता त्यांचा! एसी बंद करून आम्ही तिघं ऐकत होतो. आईनेही नकळत पदर डोक्यावर घेतला. वाचणारीला अर्थ कळत नव्हता, ऐकणाऱ्यांना कळत नव्हता, पण मधेच खाला थांबल्या आणि बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघा. नक्ल. लिहिलंय इथं." झालं, सगळ्यांचं समाधान झालं. बाबांनी झोकात सही केली, सवयीने कागदाची एक झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ कागद गुरुवारी सकाळी शाजीभाईंना नेऊन दिला.

शुक्रवारी ती झेरॉक्स मी वर्गात नेली. खरं सांगायचं तर मिरवायला. मरियमला म्हटलं, बघ, आमच्या बाबांनी अरबीत मागून आणलं. तिने वाचलं, हसून बाबांकडे पाहिलं आणि मला इंग्रजीत म्हणाली, "अभिनंदन. कुठे चाललेत तुझे बाबा?"

मी म्हटलं, "कुठे म्हणजे?"

"यात लिहिलंय की हा कामगार दुसऱ्या मालकाकडे बदली मागतोय, आणि कंपनीची काही हरकत नाही. खाली त्यांनी सही केलीय." माझं तोंड बघून ती थांबली. "नक्ल म्हणजे बदली. सामान हलवायच्या ट्रकवर लिहिलेलं असतं, पाहिलं नाहीस? प्रतीला नुस्खा म्हणतात."

ट्रकवर! तो शब्द लिहिलेले ट्रक मी रोज शाळेच्या बसमधून बघत होते. मी ते मराठीत सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की बाबांना दोनदा सांगावं लागलं. आई म्हणाली, "म्हणजे तो नुस्खा...?" हमीदाखाला "या अल्लाह" म्हणाल्या. बाबांनी वही मिटली आणि ते एकटेच वर गेले.

तो शुक्रवार मी कधी विसरणार नाही. शाजीभाई फोन उचलत नव्हते, सुट्टीचा दिवस. कागद कचेरीत गेला असेल तर बाबांची नोकरी गेली होती, त्यांच्याच सहीने, माझ्या अक्षराने. आईने कोलंबी सोलायला घेतली, आणि मधेच उठून माळ्यावरच्या बॅगा किती आहेत ते बघून आली. मी बाबांसमोर जाऊन रडले. म्हटलं, "बाबा, माझ्यामुळे झालं. मला मारा." ते म्हणाले, "तुला कशाला मारू? शब्द मीच दिला." मग एसीकडे बघत म्हणाले, "सुजा, मी म्हटलं मला जायचंय, आणि तो पोरगा 'तय्यब' म्हणाला. का जातोस, एवढं तरी विचारायचं. अठरा वर्षं गं. म्हातारा तिथेच खुर्चीत बसला होता, त्यानेही विचारलं नाही." मला तेव्हा कळलं की बाबांना नोकरीपेक्षा हेच जास्त लागलंय.

शनिवारी सकाळी कंपनीच्या पिकअपमध्ये बाबांच्या शेजारी मीही बसले. आधी शाजीभाईंना गाठलं. ते गोदामाच्या आवारात गाडीला टेकून चहा पीत होते. "पेपर?" त्यांनी गाडीचा कप्पा उघडला. कागद तिथेच होता, सहीसकट, वर एका केळ्याची साल. "इन्शाल्ला आज जाने वाला था," ते म्हणाले. लोक आखातातल्या या इन्शाल्लाला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. शाजीभाई कामसू असते तर मी आज चिपळूणला असते.

पण कागद परत घ्यायला सैफची परवानगी हवी होती. तो आत टेबलाशी होता. म्हातारा अरबाब दाराशी खुर्चीत बसलेला, काठीवर हनुवटी टेकून, आणि त्याने बाबांकडे पाहिलंही नाही. "सब बराबर?" विचारलं नाही. मी सैफसमोर जाऊन इंग्रजीत सगळं ओकले. वाक्य मी लिहिलं, चूक माझी, आमच्या भाषेत नक्कल म्हणजे प्रत, यांना फक्त माझ्या व्हिसासाठी कराराची प्रत हवी होती. सैफने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "पण त्यांनी फार स्पष्ट सांगितलं. उच्चार तर अगदी शुद्ध होता." घशातला 'क' दहा वेळा घोटून घेतल्याचं फळ ते. मग तो हसला, कागद घेतला, दोनदा फाडला आणि वडिलांना अरबीत सगळं सांगायला लागला. तो सांगत असताना त्यात नक्ल आणि नुस्खा हे दोन शब्द मला चार-पाच वेळा ऐकू आले.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. त्याला हसू आलं नाही. त्याने काठी जमिनीवर आपटली आणि पहिल्यांदाच बाबांकडे पाहिलं.

"मोरे," तो म्हणाला, "अठारा साल तुम हमसे हिंदी में बात किया. माल का बात हिंदी में, बीमार का बात हिंदी में, बेटी पैदा हुआ वो बात हिंदी में. और जाने का बात मेरे लड़के को बोला? अरबी में?" त्याने पुन्हा काठी आपटली. "हम सोचा, मोरे को इतना जल्दी है. तो जाने दो. हम क्यूँ पूछे?"

म्हणजे आदल्या दिवशी एसीखाली बसून बाबा जे मला म्हणाले, तेच हा म्हातारा आठवडाभर या खुर्चीत बसून स्वतःशी म्हणत होता. दोघंही हट्टी. दोघांनाही एक प्रश्न विचारता आला असता, तोही चांगल्या येणाऱ्या भाषेत.

बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. "अरबाब, हम..." आणि हिंदी संपली. ओठ हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मग ते मराठीत म्हणाले, "मी कुठं जाणार?"

"क्या बोला?" म्हाताऱ्याने मला विचारलं.

हे वाक्य आपल्याकडे मायेनेही म्हणतात आणि हतबल झाल्यावरही. बाबांच्या आवाजात कोणतं होतं ते मला स्पष्ट ऐकू आलं होतं. पन्नाशीला आलेला, भाषा न येणारा, गावाला घर न उरलेला माणूस बोलत होता, आणि जायला खरोखरच कुठे जागा नव्हती. म्हातारा वाट बघत होता. सैफही बघत होता.

"बोलते हैं," मी म्हटलं, "आपको छोड़के मैं कहाँ जाऊँगा."

म्हाताऱ्याने मान हलवली, एकदा, दोनदा, आणि शेजारची खुर्ची काठीने बाबांकडे सरकवली. बाबांना हिंदी उत्तम कळायची. 'आपको छोड़के' ते म्हणाले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि काही दुरुस्त न करता खुर्चीत बसले.